भीमायन : चित्रकथेतील तहान आणि नावाचा प्रश्न

चित्रकथा ही लहान मुलांच्या करमणुकीची वस्तू आहे, असे समजून आपल्या अभ्यासकांनी तिच्याकडे पाठ फिरविलेली आहे. ही उपेक्षा आम्हांस परवडणारी वाटत नाही. धनंजय कीर किंवा चां. भ. खैरमोडे यांचे ग्रंथ हाती येण्यापूर्वीच आपल्या मुलांच्या मनात बाबासाहेब चित्रांच्या वाटेने शिरलेले असतात. आणि चित्र काढणाऱ्याची जी दृष्टी, तीच काही काळ त्या मुलांची दृष्टी होऊन बसते.

१९७९ साली अमर चित्र कथा मालेत ‘बाबासाहेब आंबेडकर’ हा अंक निघाला. संहिता एस. एस. रेगे यांची, चित्रे दिलीप कदम यांची. ज्या मालेने प्रामुख्याने देव, ऋषी आणि राजे यांची पाने रंगविली होती, तिच्यात बाबासाहेबांस स्थान मिळाले याचे त्या काळी अप्रूप होते, आणि ते आम्ही नाकारीत नाही. परंतु चौकट जुनीच राहिली. एका चौकटीत अपमान, पुढच्या चौकटीत पदवी, त्यापुढे कीर्ती, अशा चालीने कथा धावत जाते. वाचणाऱ्या मुलास तहान लागण्यापूर्वीच पान उलटते.

२०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या ‘भीमायन’ या ग्रंथाने नेमकी ही चौकट मोडली. कथन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाणा वाजवून वंशकथा गाणे हे त्यांचे काम. या दोघांनी माणसांना चौकोनांत कोंडण्यास नकार दिला. त्यामुळे पानावर रस्ता, झाड, पक्षी आणि माणसे एकमेकांत मिसळत जातात. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, तर जातीचा विखार ओकणाऱ्या शब्दांना विंचवाची नांगी असते. अक्षर न ओळखणाऱ्या मुलासही कोण कोणाशी कसे बोलत आहे, हे कळावे, अशी ही योजना आहे. आगगाडी सर्पासारखी वळसे घेते. महाडच्या सभेतील ध्वनिक्षेपकांतून शब्दांऐवजी पाण्याच्या धारा श्रोत्यांवर बरसतात. १९२७ च्या चवदार तळ्याच्या संगरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु भाषण आणि पाणी यांचे हे अद्वैत इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी दाखविल्याचे आमच्या वाचनात नाही.

ग्रंथाचा आधार आहे बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आत्मकथनपर लेखन. त्याचे येथे तीन खंड केले आहेत : पाणी, निवारा आणि प्रवास. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी मसूर स्थानकावर उतरलेली मुले, बैलगाडीचा दुप्पट मोबदला, जवळ शिदोरी असूनही पाण्यावाचून घशाखाली न उतरणारा घास, हा भाग चित्रकारांनी सावकाश, जवळजवळ हट्टाने चितारला आहे. निवाऱ्याच्या खंडात बडोद्यातील पारशी खाणावळीतून हाकलून दिलेले, परदेशी विद्यापीठांत शिकून आलेले बाबासाहेब बागेत बसलेले आहेत. पदवी जात पुसत नाही, हे येथे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रवासाच्या खंडात १९३४ सालची दौलताबादची हकीकत येते. किल्ला पाहावयास गेलेल्या मंडळींनी तळ्याच्या पाण्याने हातपाय धुतले, एवढ्यावरून गदारोळ उठला. चित्रात हा किल्ला हिंस्र पशूचे रूप घेतो. आम्हां आंबागडच्या परिसरातील वाचकांस या पानाशी थांबावेच लागते. तुमसर तालुक्यातील आमचा किल्ला देवगडच्या गोंड राजाच्या, बख्त बुलंदाच्या, सुभेदाराने १७०० च्या सुमारास बांधला, असे सांगतात. भोसल्यांनी पुढे त्याचा तुरुंग केला आणि कैद्यांना आतल्या विहिरीचे कुजके पाणी पाजून मारीत, अशी आख्यायिका आहे. एका किल्ल्यात पाण्याला शिवू न देणे ही शिक्षा, तर दुसऱ्यात पाणी पाजणे हीच शिक्षा. पाण्याची मालकी ज्याच्या हाती, त्याच्या हाती दंड, हे गोंड चित्रकारांच्या कुंचल्यास ठाऊक असावे, याचे आम्हांस नवल वाटत नाही.

या साऱ्या कथेला आजच्या काळातील एका बसथांब्यावरील संभाषणाची जोड दिली आहे. आरक्षणावर चिडलेल्या गृहस्थास एक स्त्री खैरलांजीविषयी विचारते. हे संभाषण काहीसे बेतलेले वाटते. ती स्त्री बोलण्यापेक्षा व्याख्यानच अधिक देते. तरीही ही जोड अनावश्यक आहे, असे भंडारा जिल्ह्यातील कोणी म्हणू शकणार नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी ज्या गावात एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली, ते गाव आपल्या शेजारच्या मोहाडी तालुक्यात आहे.

आता नावाविषयी. रामायणाचा प्रतिध्वनी उमटविणारे ‘भीमायन’ हे नाव आम्हांस खटकते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत राम आणि कृष्ण यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. ‘रिडल्स’मधील राम-कृष्णविषयक प्रकरणावरून १९८७ साली महाराष्ट्रात जे वादळ उठले, ते ज्यांनी अनुभवले त्यांना हा प्रतिध्वनी निरुपद्रवी वाटणार नाही. ‘अयन’ म्हणजे मार्ग, असा बचाव करता येईल. पण कानावर पडतो तो मार्ग नव्हे, पुराण. याहून मोठी उणीव अशी की, तीन खंडांत धम्मासाठी एकही स्वतंत्र खंड नाही. तहानलेला भीम मनात ठसतो. धम्मचक्र फिरविणारे बाबासाहेब तसे ठसत नाहीत. सोसणारा माणूस चितारणे सोपे, विचार करणारा चितारणे अवघड, हे मान्य करूनही तक्रार उरतेच.

ते अवघड काम जपानमध्ये ओसामु तेझुका यांनी हाती घेतले होते. १९७२ ते १९८३ या काळात त्यांनी ‘बुद्ध’ ही प्रदीर्घ चित्रकथा लिहिली. तिचा आरंभ राजवाड्यात नसून छाप्रा या गुलाम मुलापाशी आहे. तो सेनापतीचा मानसपुत्र होतो. जन्म उघड होताच सर्व गमावतो आणि दास्यातील आईसह मरतो. २८ मे २०११ रोजी तोएई संस्थेने काढलेल्या, कोझो मोरिशिता दिग्दर्शित चित्रपटातही छाप्राची कथा मोठी जागा व्यापते. वर्णव्यवस्था हा तथागतांच्या काळाचा मध्यवर्ती प्रश्न होता, हे एका परदेशी चित्रकाराने ओळखले. मात्र तेझुकांच्या कथेत ब्रह्मदेव वाट दाखवितो आणि चमत्कार घडतात. बाबासाहेबांचा बुद्ध त्यात सापडत नाही.

म्हणून विहारातील रविवारच्या वर्गात ‘भीमायन’चा पाण्याचा खंड मुलांपुढे अवश्य ठेवावा, आणि त्याच बैठकीत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मधील रोहिणी नदीचे प्रकरण वाचावे. तेथेही तंटा पाण्याचाच आहे. शाक्य संघात युद्धाच्या ठरावाविरुद्ध सिद्धार्थ एकटा उभा राहतो, मतदानात हरतो. कुटुंबावर सामाजिक बहिष्कार आणि जमिनीची जप्ती या धमक्या ऐकतो आणि परिव्रज्या पत्करतो. चार दृश्यांची दंतकथा बाबासाहेबांनी का नाकारली, हे त्या सभागृहाच्या एका चित्रात सांगता येईल. ते चित्र दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांच्याच हातून पाहावयास मिळावे, अशी आमची इच्छा आहे.