ओळखीचा कागद : बोस्नियाच्या चित्रपटांविषयी

२५ मार्च २००२ची सकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये ऑस्करचा सोहळा चालू होता. परभाषिक चित्रपटांच्या शेवटच्या पाचांत 'लगान' होता, आणि आशुतोष गोवारीकर या मराठी माणसाने दिग्दर्शित केलेल्या, आमिर खानने निर्मिलेल्या त्या चित्रपटाचे आपल्या घरांतून अप्रूप जरा जास्तच होते. बक्षीस मिळाले ते 'नो मॅन्स लँड'ला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे हळहळ होती, पण 'लगान'ला मागे टाकणारा तो देश कुठला, हे विचारायची फुरसत फारशी कुणाला नव्हती. तो महिना तसाही गुजरातच्या बातम्यांचा होता.

आम्ही तो चित्रपट बऱ्याच उशिरा, एका मित्राने आणून दिलेल्या सीडीवर पाहिला. दोन फळ्यांच्या मधल्या खंदकात अडकलेले दोन शत्रुसैनिक, एक बोस्नियन आणि एक सर्ब, बोलता बोलता एका मुलीच्या नावापाशी येऊन थांबतात. एकाची ती मैत्रीण, दुसऱ्याची शाळेतली ओळखीची. घटकाभर दोघे चक्क हसतात. आणि शेवटी दोघेही मरतात. तिसरा सैनिक, त्सेरा, पाठीखाली सुरुंग घेऊन जिवंत पडून असतो. हलला तर उडणार. संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी पत्रकारांना त्याची सुटका झाल्याचे भासवतात, सगळ्या गाड्या निघून जातात आणि कॅमेरा एकट्या त्सेरावरून वर वर सरकत राहतो. 'लगान' हरल्याचे आमचे दुःख त्या दृश्यापाशी संपले.

बोस्निया-हर्झेगोविना हा देश केवढा? २०१३च्या जनगणनेत लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे शहरापेक्षा थोडी अधिक. एवढ्याशा देशाला कानमध्ये पटकथेचे पारितोषिक आणि ऑस्कर (दानिस तानोविच), २००६ साली बर्लिनचे सुवर्ण अस्वल (यास्मिला झ्बानिच, 'ग्र्बावित्सा'), २००८मध्ये कानच्या समीक्षक सप्ताहाचे मोठे पारितोषिक (आइदा बेगिच, 'स्न्येग', म्हणजे बर्फ) आणि २०२१मध्ये युरोपियन फिल्म अवॉर्ड्सचा सर्वोत्कृष्ट चित्रपट (पुन्हा झ्बानिच, 'क्वो वादिस, आइदा?'). आपल्याकडे अशा यादीपाशी थांबायची सवय आहे. बक्षिसे मोजायची, 'आपल्या' लोकांनी जग जिंकले म्हणून छाती फुगवायची आणि चित्रपट न पाहताच घरी जायचे. आम्हाला वाटते, हे चित्रपट आपल्याला इतके स्वस्तात सुटू देणारे नाहीत.

या चित्रपटांची मुळे जुनी आहेत. युगोस्लाव्हिया एकसंध होता तेव्हा सारायेव्होच्या एमीर कुस्तुरित्साने १९८५मध्ये कानचे सुवर्ण पाम जिंकले, 'वडील कामानिमित्त बाहेरगावी गेले तेव्हा' अशा अर्थाच्या नावाच्या चित्रपटासाठी. पटकथा अब्दुल्ला सिद्रान या कवीची. पुढे युद्ध आले आणि दोघांच्या वाटा फुटल्या. कुस्तुरित्सा बेलग्रेडच्या बाजूला गेला; मे १९९५मध्ये त्याला 'अंडरग्राउंड'साठी पुन्हा तेच पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याचे जन्मगाव तीन वर्षे वेढ्यात होते. सिद्रान त्याच वेढ्यात राहिला. अदेमीर केनोविचबरोबर त्याने 'परफेक्ट सर्कल' लिहिला, एक कवी आणि त्याच्या पदरात पडलेली दोन पोरकी मुले यांची गोष्ट, आणि वेढा उठल्यावर त्याच पडक्या शहरात ती चित्रित झाली. १९९५च्या शरदात, वेढा उठलेला नसताना, सारायेव्होने स्वतःचा चित्रपट महोत्सवही भरवला. १५ देशांचे ३७ चित्रपट, आणि गोळ्यांच्या टप्प्यातून चालत आलेले प्रेक्षक. सिद्रान २०२४मध्ये वारला. आपल्याकडे त्याची दखल कुणी घेतल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

आता 'ग्र्बावित्सा'. आमच्या मते या सगळ्यांत हाच चित्रपट मराठी मुस्लिम वाचकाच्या सर्वांत जवळचा आहे, आणि सर्वांत अडचणीचाही. एस्मा ही सारायेव्होतली एकटी बाई, रात्री एका क्लबात वाढपीण. तिची बारा वर्षांची मुलगी सारा. शाळेची सहल निघणार आहे. ज्यांचे वडील 'शेहिद' झाले त्यांना सहलीचे पैसे माफ. फक्त तसा दाखला आणायचा. शब्द आपलाच आहे, शहीद. तुर्कांच्या हातून तिकडे गेला. सारा अभिमानाने सांगते, माझे वडील शहीद आहेत. आई दाखला आणत नाही. आज आणते, उद्या आणते, म्हणत उधार-उसनवार करून सहलीचे पैसे उभे करत राहते. कारण दाखला नाही. मुलगी छावणीतल्या बलात्कारातून जन्मली आहे.

शहीद या शब्दापुढे आपण सगळेच मान झुकवतो, आणि त्यात गैर काही नाही. पण एका शब्दाला एवढा मान दिला की त्याच्या सावलीत कोण उभे राहते, हा प्रश्न झ्बानिच विचारते. शहिदाच्या मुलाला वर्गात जागा आहे, दाखला आहे, सवलत आहे. जिच्यावर तेच युद्ध कोसळले त्या बाईला काय आहे? तिला गप्प बसण्याची मुभा तेवढी आहे. चित्रपट इथे शत्रूवर बोट दाखवून मोकळा होत नाही. सर्ब सैनिक पडद्यावर अत्याचार करताना दिसतही नाहीत. कॅमेरा एस्माच्या घरात, तिच्या शाळेत, तिच्या समाजात आहे. मुलगी हातात पिस्तूल घेऊन सत्य मागते आणि आई ते ओरडून सांगते, तो प्रसंग थोडा ठरवून केल्यासारखा वाटतो. पण त्यानंतर बायकांच्या बैठकीत एस्मा प्रथमच बोलते : हे मूल नको म्हणून पोटावर बुक्के मारले, आणि मग ते हातात दिल्यावर त्याच्याइतके सुंदर काही पाहिले नव्हते. मिर्याना कारानोविच हे ज्या तऱ्हेने सांगते, त्यावर लिहायला आमच्याजवळ शब्द नाहीत. ही अभिनेत्री सर्ब आहे, आणि कुस्तुरित्साच्या १९८५च्या चित्रपटातली आईही तीच होती. फुटलेल्या देशाच्या दोन टोकांना एकाच बाईने आई व्हावे, हे आम्हाला कुठल्याही पारितोषिकाहून मोठे वाटते.

बर्लिनमध्ये पारितोषिक घेताना झ्बानिचने कारादझिच आणि म्लादिच अजून मोकळे असल्याची आठवण करून दिली. सर्ब प्रशासनाखालच्या भागात चित्रपट लावायला वितरक धजले नाहीत. पण चित्रपटाबरोबर सह्यांची मोहीमही चालली होती, आणि २००६मध्येच बोस्नियाच्या फेडरेशन या भागाच्या कायद्याने युद्धातील बलात्कारपीडित स्त्रियांना युद्धाचे नागरी बळी म्हणून मान्यता दिली. महिला संघटनांची ती मागणी आधीपासूनची होती, सगळे श्रेय चित्रपटाला देणे खोटे ठरेल. पण पडद्यावर एस्माकडे जो कागद नव्हता, तो तिच्यासारख्या बायकांना मागण्याचा हक्क पडद्याबाहेर मिळाला.

याच्या उलट टोकाची कहाणी तानोविचच्या एका लहानशा चित्रपटाची. भंगार गोळा करणारा रोमा माणूस नाझिफ मुयिच, त्याच्या बायकोचे मूल पोटात दगावते, आणि आरोग्यविम्याचे कार्ड नाही म्हणून इस्पितळ शस्त्रक्रिया करत नाही. अखेर नात्यातल्या एका बाईचे कार्ड दाखवून तिचा जीव वाचतो. वर्तमानपत्रात ही बातमी वाचून तानोविच त्यांच्या घरी गेला, आणि अवघ्या १७,००० युरोंत, नऊ दिवसांत, त्याच कुटुंबाकडून त्याने ती गोष्ट करवून घेतली. २०१३मध्ये बर्लिनने चित्रपटाला परीक्षकांचे मोठे पारितोषिक आणि नाझिफला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे रौप्य अस्वल दिले. पुढे तोच नाझिफ कुटुंब घेऊन आश्रय मागायला बर्लिनला गेला. ज्या शहराने त्याला हार घातला त्या शहरात त्याला राहायचा कागद मिळाला नाही. तो गावी परतला, अस्वल विकले, आणि फेब्रुवारी २०१८मध्ये वारला. तानोविचला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. पण आंतरराष्ट्रीय ओळख म्हणजे नक्की कुणाची ओळख, हा प्रश्न नाझिफच्या मृत्यूनंतर सहजासहजी मिटत नाही.

'क्वो वादिस, आइदा?'मध्ये कागद आणखी निर्दय होतो. जुलै १९९५, स्रेब्रेनित्सा. आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले, ते दिवस. आइदा शाळेतली शिक्षिका, आता संयुक्त राष्ट्रांची दुभाषी. तिच्या गळ्यात ओळखपत्र आहे. नवऱ्याच्या आणि दोन मुलांच्या गळ्यात नाही. दीड-पावणेदोन तास ही बाई त्या तळावर एका दारातून दुसऱ्या दारात धावते, यादीत तीन नावे घाला म्हणून. डच अधिकारी नियम सांगतात. विशेष म्हणजे म्लादिच येतो तो स्वतःचा कॅमेरावाला घेऊन. लोकांना दिलासा देताना त्याला आपले चित्रण हवे असते. मारणाऱ्याच्या हातातही कॅमेरा असतो, हे इतक्या शांतपणे दाखवलेले आम्ही क्वचितच पाहिले. या चित्रपटाला नऊ देशांचे पैसे लागले, आणि त्या नवांत नेदरलँड्सही होता, हे नोंदवायला हवे.

एक खंत मात्र आहे. बाहेरचा पैसा आणि बाहेरचे महोत्सव बोस्नियाकडे युद्धच मागत आले. लहान देशाने आपली जखम दाखवावी, मोठ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, असा एक रिवाजच पडून जातो. तानोविचने तो मोडायचा प्रयत्न केला. इम्रान हाश्मीला घेऊन पाकिस्तानातल्या बाळदुधाच्या व्यापारावर 'टायगर्स' (२०१४) केला, आणि तो आपल्याकडे २०१८पर्यंत कुणाला पाहायलाही मिळाला नाही.

म्हणून २०२३च्या उना गुन्याकच्या 'एक्स्कुर्झिया'चे आम्हाला कौतुक वाटते. लोकार्नोमध्ये त्याचा विशेष उल्लेख झाला. पुन्हा सारायेव्हो, पुन्हा शाळा, पुन्हा ठरत असलेली सहल. मैत्रिणींच्या खेळात एक मुलगी थाप मारते, थाप वाढत जाते आणि पालकांच्या सभेपर्यंत पोचते. वर्गातली मुले युद्धानंतर जन्मलेली आहेत. तिच्या वडिलांचा दाखला तिथे कुणी मागत नाही.