दोन आणे आणि लेमनेडची बाटली

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस एका तालुक्याच्या गावी नवोदित लेखकांचे दोन दिवसांचे शिबिर होते. शाळेचा हॉल, डोक्यावर पत्रे, आणि पंखे असूनही वीज गेलेली. दुपारच्या सत्रात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने चार पानांचा गद्यलेख वाचला. उन्हाळा उतरणीला लागलेला आहे, मृग आठ-दहा दिवसांवर आलेला आहे आणि त्याची आजी लिंबाच्या सावलीत वाकळ शिवते आहे. दोरा ओवून देण्याचे काम नातवाकडे. ऊन चढले की तो अर्धवट शिवलेल्या वाकळेवरच झोपून जातो, आणि आजी त्याला न उठवता त्याच्या भोवतीने टाके घालीत जाते. तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून येते, वळीव कोसळतो, सगळी आळी वाळवण आणि सरपण उचलायला धावते. रात्री चुलीतल्या निखाऱ्यांत भाजलेल्या आंब्याच्या कोया पोरे वाटून खातात. लेख एवढाच.

वाचन संपताच एक कार्यकर्ते उठले. माणूस तळमळीचा आहे, त्याने लाठ्या खाल्लेल्या आहेत. ते म्हणाले, "मित्रा, यात आपला विद्रोह कुठे आहे? हे तर पांढरपेशांचे ललित झाले." टाळ्या पडल्या. मुलाने पानांची घडी करून खिशात घातली. सत्राचा अध्यक्ष मी होतो. मी वेळेचे कारण सांगून पुढचे नाव पुकारले.

त्या वेळी गप्प राहिलो म्हणून हा लेख लिहितो आहे.

त्या कार्यकर्त्याचा संशय निराधार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. फडके, खांडेकर, काणेकर यांच्या पिढीने मराठीत लघुनिबंध रुजविला आणि त्याने रोजच्या जगण्यातील साध्यासुध्या सुखांना प्रतिष्ठा दिली. पुढे ललित लेखनाची एक मोठी परंपरा त्यातून वाहिली. उन्हाळा हा तर तिचा हक्काचा विषय. वाळ्याचे पडदे, माठातले गार पाणी, आंब्याची अढी, गच्चीवरची झोप. या सुखांना 'साधी' असे विशेषण लावण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु सुख साधे केव्हा दिसते? त्यामागचे श्रम नजरेआड असतात तेव्हा. वाळ्यावर पाणी कोणी शिंपडले, माठ कोणी भरला, आंब्याची पाटी कोणाच्या डोक्यावरून आली, हे निबंधात नसते म्हणूनच तो निबंध हलकाफुलका राहतो. आमच्या माणसाला या निबंधाची चीड यावी, हे स्वाभाविक आहे.

मात्र या चिडीत सगळेच एका दावणीला बांधू नये. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) मी अनेक वर्षे वर्गात शिकविले. चैत्रापासून निघून महिन्यामहिन्याने निसर्ग पाहणारे ते पुस्तक आहे. त्यात माझा महारवाडा नाही, ही माझी तक्रार आहेच. पण झाडाकडे कसे पाहावे हे मला आणि माझ्या विद्यार्थ्यांना त्या पुस्तकाने शिकविले, हेही खरे. लिंबाचे झाड आमच्याही दारात होतेच. त्याच्याकडे पाहण्यास कोणाची बंदी नव्हती. पाहावयास सवड नव्हती.

आता आमच्या समीक्षेकडे वळतो, कारण मुलाला खाली बसविले ते ललित निबंधाने नव्हे, आम्ही. शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ साली आले. आनंद देणे हे साहित्याचे प्रयोजन मानणारी पारंपरिक फूटपट्टी दलित साहित्याला लावता येणार नाही, ही भूमिका त्यांनी तेथे ठामपणे मांडली. ती बरोबर होती, आजही बरोबर आहे. माणसाच्या विटंबनेची हकीकत वाचून वाचकाला आनंद झाला पाहिजे असे म्हणणे हा अभिरुचीचा भाग नसून निर्ढावलेपणाचा भाग आहे. पण पुढच्या काळात, शिबिरांतून, परीक्षणांतून, प्रबंधांतून या भूमिकेचे जे झाले ते वेगळेच. तेथे नाकारला गेला होता तो आस्वादकाचा आनंद, म्हणजे वाचणाऱ्याचा. आम्ही तो नकार उचलला आणि जगणाऱ्याच्या आनंदावर नेऊन ठेवला. पुस्तकातील माणूस हसला की आम्हाला वाटू लागले, लेखक ढिला पडला. दलित माणसाचे अनुभवविश्व म्हणजे केवळ वेदनांची यादी, असा समज प्रस्थापितांचा होता असे आपण म्हणतो. तो आता आपलाही झाला आहे काय, हा प्रश्न मला त्या हॉलमध्ये पडला.

उन्हाळ्याच्याच एका लेखनाकडे जाऊन हे तपासून पाहू. बाबासाहेबांच्या आठवणींचे जे इंग्रजी टिपण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने ओळखले जाते, ते पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने छापले आणि १९९३ साली शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले. अस्पृश्यता म्हणजे नेमके काय, हे परदेशी वाचकाला कळावे म्हणून ते लिहिलेले आहे. त्यातली पहिली आठवण १९०१ च्या सुमाराची, उन्हाळ्याच्या सुट्टीतली. वडील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्यास घेतला होता. साताऱ्यास राहिलेल्या मुलांना त्यांनी सुट्टीसाठी बोलाविले. पुढचे आपल्या सर्वांना पाठ आहे. मसूर स्टेशनवर न्यावयास कोणी आलेले नाही, स्टेशनमास्तरचा चेहरा जात कळताच बदलतो, गाडीवाले तयार होत नाहीत, शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण गाडी देतो पण हाकायची मुलांनीच. जवळ डबा आहे, पाणी नाही. वाटेतल्या नदीचे पाणी गुरांच्या शेणामुताने नासलेले. जकात नाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळत नाही. मुले उपाशी झोपतात.

सभांतून मी ही हकीकत शंभरदा ऐकली आहे, स्वतः दहा-वीसदा सांगितली आहे. आणि दर वेळी ती मसूर स्टेशनापासून सुरू झालेली आहे. मूळ टिपण तेथून सुरू होत नाही. त्याआधी बाबासाहेबांनी प्रवासाची तयारी सांगितली आहे, आणि चांगली तपशिलाने सांगितली आहे. विलायती तऱ्हेचे नवे सदरे, जडावाच्या चमकत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. आगगाडी मुलांपैकी कोणी पाहिलेली नव्हती. स्टेशन दहा मैलांवर, म्हणून टांगा केलेला. स्टेशनात थोरला भाऊ तिकिटे काढतो आणि धाकट्या भावाला व भाच्याला खर्चायला दोन-दोन आणे देतो. त्या पैशांतून दोघे लगेच लेमनेडची एकेक बाटली मागवितात. हा प्रसंग बाबासाहेब थट्टेच्या सुरात सांगतात, जणू दोन्ही पोरांनी त्या क्षणी उधळ्या श्रीमंतांचे आयुष्य सुरू केले.

लेमनेडची ही बाटली आम्ही भाषणातून का गाळतो? वेळ वाचविण्यासाठी म्हणावे तर दोन वाक्यांचीच गोष्ट आहे. मला वाटते, ती बाटली आम्हाला अडचणीची वाटते. सोसणाऱ्या मुलाच्या हातात ती शोभत नाही. पण लिहिणाऱ्याला ती अडचणीची वाटली नाही. कायदा शिकलेला हा माणूस पुरावा मांडतो आहे, त्याला फालतू तपशील परवडणारा नव्हता. त्याने ती बाटली ठेवली, कारण संध्याकाळी जिची कोंडी झाली ती केवळ एका अस्पृश्य पोराची तहान नव्हती. सकाळी खिशात दोन आणे घेऊन सुट्टीवर निघालेल्या, नव्या टोपीच्या, खुशीत असलेल्या मुलाची ती तहान होती. खुशी गाळली की तहान उरते, मूल नाहीसे होते. मग ऐकणाऱ्याला दया येते. बाबासाहेबांना दया नको होती.

या आठवणीनंतर सव्वीस वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. उन्हात चालून आलेल्या माणसाने गार पाणी पिणे यापेक्षा साधे सुख कोणते? त्यासाठी सत्याग्रह करावा लागला, पुढे कोर्टाची पायरी चढावी लागली. 'साधे' या शब्दाचा आमच्याकडला अर्थ शब्दकोशात मिळणार नाही.

स्त्रियांच्या आत्मकथनांकडे वळले की हा प्रश्न अधिकच स्पष्ट होतो, आणि येथे पुरुष समीक्षकांची, म्हणजे माझीही, चूक मोठी आहे. उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) उघडते तेच रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायांनी. डोक्यावर लाकडे, गवताचे भारे, आंब्यांच्या पाट्या. ज्या पाटीचा आंबा लघुनिबंधात 'साधे सुख' होऊन येतो ती पाटी येथे मानेवर आहे. माझ्या पहिल्या वाचनात मी तेवढेच पाहिले, आणि टिपणात 'श्रमाचे चित्रण' असे लिहून मोकळा झालो. त्या बाया वाटेने बोलतात, एकमेकींची चेष्टा करतात, हे मी वगळले. चेष्टेला माझ्याकडे रकाना नव्हता. भार तोच, वाट तीच, पण चालणाऱ्या बाया मी मुक्या करून टाकल्या.

बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मधला आषाढ असाच. उन्हाळ्याची काहिली सरल्यावर येणारा हा महिना महारवाड्याच्या सुखाचा म्हणून त्यांनी रंगविला आहे. घरे सारवणे, पोरांना न्हाऊ घालणे, गोडधोड. त्याच पानांतून त्या देवदेव आणि अंगात येणे यांच्यावर कोरडेही ओढतात. सुख सांगताना टीका थांबत नाही आणि टीका करताना सुख खोटे ठरत नाही. एवढे साधणारे गद्य आमच्यातील किती पुरुषांनी लिहिले? दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) मी फार वरचे मानतो, तरी या एका बाबतीत बेबीताईंचा हात सफाईचा आहे असे माझे मत आहे.

आणि ज्यांना आनंद आणि चळवळ यांत वैर दिसते, त्यांनी आपल्या जयंत्या आठवाव्यात. १४ एप्रिलला सुरू झालेली जयंती खेड्यापाड्यांतून एका दिवसात संपत नाही. गायक-कव्वालांच्या तारखा मिळतील तशी या गावी आज, त्या गावी पुढल्या आठवड्यात, अशी ती वैशाख पौर्णिमा ओलांडून पार मृगाच्या तोंडापर्यंत चालते. पेरणीआधीच्या रिकाम्या दिवसांत, उकाड्याच्या रात्री, मैदानात घोंगडी पसरून पहाटेपर्यंत ऐकलेली गाणी. वामनदादा कर्डकांना (१९२२–२००४) आमच्या बापजाद्यांनी ऐकले ते अशाच रात्री. वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत विचार गेला तो या गाण्यांतून. ती माणसे कर्तव्य म्हणून जागत नव्हती. त्यांना मजा येत होती. माझी आई तर एका गाण्यासाठी तीन कोस चालत गेली आणि परतताना ते गाणे अर्धे विसरली म्हणून दिवसभर स्वतःवरच चिडली. प्रेरणा हा आपल्या भाषणांतला आवडता शब्द आहे. मी तो पहिल्यांदा पाहिला तो तिच्या त्या चिडण्यात.

आता त्या मुलाच्या लेखाकडे. शिबिर संपल्यावर मी त्याला बसस्टँडवर गाठले आणि पाने मागून घेतली. रात्री शांतपणे वाचली. वाकळेचे थर त्याने क्रमाने सांगितले आहेत. आतल्या थरांत पाटलाच्या घरून मिळालेले जुने कपडे, आणि वरचा अस्तर आजीच्या स्वतःच्या, स्वकष्टाने घेतलेल्या लुगड्याचा. आत ते, वर आपले. मी टिचकी वाजवली. सापडला विद्रोह! पुढच्या सभेत त्या कार्यकर्त्याला दाखविता येईल अशी ओळ हाती आली होती.

मग माझीच मला लाज वाटली. लेख पास करण्यासाठी मीसुद्धा तेच प्रमाणपत्र शोधीत होतो. आजीने लुगडे वर घातले ते कदाचित मऊ होते म्हणून. पोराच्या अंगाला टोचू नये म्हणून. लेखकाने कारण दिलेले नाही आणि मी ते त्याच्या तोंडी कोंबू नये. झोपलेल्या नातवाच्या भोवतीने टाके घालणारी बाई मराठी गद्यात मला यापूर्वी भेटलेली नाही. लेख चांगला असण्यास एवढे पुरे आहे. दोष म्हणावा तर वळवाचा परिच्छेद. तेथे मातीचा वास, मोर, विजांचे नर्तन वगैरे शाळेच्या पुस्तकातून आलेले आहे. मोर त्या गावात नाहीत, हे त्याने बसस्टँडवर स्वतःच कबूल केले. तो परिच्छेद काढावा असे मी सुचविले आहे. कोयांचा मात्र ठेवावा. कोया एकूण अकरा होत्या आणि पोरे सात, तेव्हा वाटणीवरून भांडण झाले आणि उरलेल्या चार आजीने खाल्ल्या, असे त्यात आहे.

पाने मी संपादकांकडे पाठविली आहेत.