दासोपंतचरित्र आणि त्याचा मिशनरी भाषांतरकार

बिदर शहराशी मराठी संतकथेचा संबंध तीन प्रसंगांनी जडला आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे रयतेस लुटू दिली, आणि त्यांची भरपाई करण्यासाठी विठ्ठल महाराच्या वेषाने बिदरच्या बादशहापुढे उभा राहिला, हा पहिला. गुरुचरित्रातला परीट पुढील जन्मी ‘वैदुरा’नगरीचा म्हणजे बिदरचा राजा झाला आणि मांडीवरील फोडाच्या निमित्ताने गाणगापुरास श्रीगुरूंच्या भेटीस गेला, हा दुसरा. तिसरा प्रसंग दासोपंतांच्या बालपणीचा. वसूल न भरल्याबद्दल बिदरकराने त्यांना ओलीस ठेवून घेतले होते. यांपैकी पहिली आणि तिसरी या दोन कथा इंग्रजी वाचकांपुढे विस्ताराने ठेवणारा माणूस एकच. तो धर्मप्रसारासाठी या देशात आलेला अमेरिकन मिशनरी होता, ही गोष्ट आपल्या अभ्यासकांच्या ध्यानात जितकी यावयास हवी तितकी आलेली दिसत नाही.

डॉ. जस्टिन ॲबट हे त्यांचे नाव. १८१३ साली मुंबईत पाय रोवलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे ते मिशनरी. मुंबईत त्यांनी दीर्घकाळ काम केले. कार्यनिवृत्तीनंतर ते न्यूजर्सी संस्थानातील समिट या गावी राहिले आणि तेथून, उतारवयात, त्यांनी ‘महाराष्ट्राचे संतकवी’ ही इंग्रजी भाषांतरांची माला काढली. १९२६ साली भानुदासांपासून तिचा आरंभ झाला. पुढे एकनाथ, भिक्षुगीता, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असे भाग निघत गेले. १९३२ साली ॲबट वारले. पंडित नरहर गोडबोले यांच्या सहकार्याने केलेले महीपतीच्या ‘भक्तविजया’चे भाषांतर त्यांच्या पश्चात १९३३-३४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले, दामाजीपंतांची कथा त्यात आहे. दासोपंतचरित्र हा मालेतील चौथा भाग. भानुदास, एकनाथ आणि मग एकनाथांचे समकालीन दासोपंत हा क्रम स्वाभाविक असल्याने, भाषांतरकाराने हेच चरित्र मुद्दाम निवडले असा तर्क करण्याचे कारण नाही. परंतु ते त्यांनी टाळलेही नाही, आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

चरित्रातील तो प्रसंग थोडक्यात असा. बिदर परगण्यातील नारायणपेठ येथील देशपांडे दिगंबरपंत यांचे दासोपंत हे पुत्र, जन्म इ. स. १५५१. तेव्हा बिदरवर बरीदशाहीचा अंमल होता. दुष्काळामुळे वसूल आला नाही, तेव्हा दिगंबरपंतांस बोलावणे आले. ते मुलाला बरोबर घेऊन गेले. मुलाचे तेज पाहून राजा मोहित झाला. त्याने मुलास ठेवून घेतले आणि एका महिन्यात रक्कम न आल्यास त्याला मुसलमान करून घेण्यात येईल, असे सांगून बापाला परत पाठविले. मुलाच्या खर्चास रोज एक होन मिळे. तो दानधर्मात देऊन टाकी. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ‘दत्ताजी पाडेवार’ नावाचा एक मनुष्य रक्कम घेऊन दरबारात आला, हिशेब चुकता केला आणि दिसेनासा झाला. राजाने शब्द पाळून मुलास सन्मानाने घरी पाठविले. घरी आल्यावर कळले की बापाने कोणालाच पाठविले नव्हते. त्या उलगड्यानेच दासोपंत घर सोडून मातापुरास तपाला गेले.

वाचकाने क्षणभर भाषांतरकाराच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे. ज्याने आयुष्यातील उमेदीची वर्षे लोकांनी आपला धर्म स्वीकारावा यासाठी वेचली, तो मनुष्य हे चरित्र भाषांतरित करतो. आणि त्याचे सारे नाट्य तर मुलाचा धर्म जाऊ नये यातच साठविलेले आहे. बिदरच्या राजाचे साधन कर्जाचे आणि धाकाचे होते, मिशनऱ्याचे साधन उपदेशाचे होते, हा भेद मोठा आहे आणि तो कोणी पुसू नये. तथापि ओसरीवर बसलेल्या आईच्या डोळ्यांतून पाहिले तर दोहोंचा शेवट एकच: मुलगा परका होतो. ॲबट मिशनमध्ये असतानाच, १८९५ साली, ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या घटनेने एका घराची काय अवस्था झाली हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रां’त सांगितले आहे. ते पुस्तक १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. ॲबट तेव्हा हयात नव्हते. पण त्या दुःखाची ओळख त्यांना पुस्तकातून होण्याची गरज नव्हती. मिशनचा प्रत्येक कार्यकर्ता ते जवळून पाहत असे.

असे असता ॲबटांचे भाषांतर वाचताना कोठेही खटका लागत नाही. ते शब्दनिष्ठ आहे. मराठी ओवीत देवाला जी विशेषणे लावलेली असतात, दीनबंधू, अनाथनाथ, कृपासागर, ती एकेक करून इंग्रजीत उतरविण्याची त्यांची रीत मालेत सर्वत्र दिसते. एखाद्या घाईच्या भाषांतरकाराने तेथे नुसता ‘देव’ म्हणून ओवी संपविली असती. ही विशेषणे इंग्रजी गद्यात जड होतात, कधी कधी हास्यास्पदही वाटतात, हे मान्य केले पाहिजे. ओवीच्या गतीत ती सहज वाहून जातात, गद्यात ती दगडासारखी पडून राहतात. पण ॲबटांनी ती गाळली नाहीत, कारण भक्त देवाला ज्या नावाने हाक मारतो त्या नावातच त्याची श्रद्धा असते, हे त्यांना पटले असावे. स्वतः प्रार्थना करणाऱ्यालाच हे कळते. निव्वळ पंडितास ते कळेलच असे नाही.

माझे म्हणणे असे की ॲबटांना या चरित्रात परके असे फारसे काही वाटलेच नसावे. कर्जापायी बंदीत पडलेला एक जीव. त्याची सुटका त्याच्या स्वतःच्या वा बापाच्या सामर्थ्याने होणार नाही. आणि खंडणी भरावयास साक्षात प्रभू येतो, तोही राजवेषाने नव्हे तर समाजाने सर्वांत खाली ठेवलेल्या सेवकाचे रूप घेऊन. ख्रिस्ती धर्माच्या अगदी गाभ्याशी असलेली कल्पना हीच आहे. नव्या करारात ख्रिस्ताच्या मरणाला मुक्तीचे मोल म्हटले आहे आणि त्याने दासाचे रूप धारण केले असेही सांगितले आहे. जी गोष्ट सांगण्यासाठी ॲबट समुद्र ओलांडून आले, ती त्यांना बिदरच्या दरबारात, मराठी ओवीत, दत्ताच्या नावाने भेटली. यामुळे त्यांची स्वतःची श्रद्धा ढळली असे मानण्यास कसलाही आधार नाही. ते अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिले. परंतु ज्या लोकांत आपण राहिलो त्यांच्याकडेही देवाने सोडवणूक करणारा पाठविल्याची आठवण आहे, एवढे कळल्यावर मनुष्य त्या लोकांकडे केवळ शिकविण्याच्या दृष्टीने पाहू शकत नाही. ॲबटांच्या उतारवयातील परिश्रमांचा अर्थ मी तरी असाच लावतो.

उलट दिशेचे उदाहरण आपल्याला परिचित आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. दासोपंतांनी आंबेजोगाईस देह ठेवला तो १६१५ साली. म्हणजे दोघे एकाच काळात, एकाच भाषेत, एकाच छंदात लिहीत होते आणि दोघांना परस्परांची वार्ताही नव्हती. स्टीफन्सांनी आपली गोष्ट मराठी केली. ॲबटांनी मराठी गोष्ट आपल्या माणसांच्या भाषेत नेली. साहित्य म्हणून स्टीफन्सांचे कार्य निःसंशय मोठे. मात्र ऐकून घेण्याचे काम सांगण्याच्या कामापेक्षा अवघड असते आणि ॲबटांनी ते पत्करले, हेही नोंदले पाहिजे.

आता एक आक्षेप. ‘पाडेवार’ हा शब्द या चरित्राचे मर्म आहे. दामाजीकथेतही विठ्ठल विठू महारच होतो. महारांच्या बावन्न हक्कांची सनद बिदरच्या बादशहाशी जोडणारी दंतकथाही प्रसिद्ध आहे. थोडक्यात, बिदरच्या दरबारात जेव्हा जेव्हा काही अवघड पार पाडावयाचे असते तेव्हा लोककल्पनेला महारच आठवतो. पण रक्कम भरून झाली की तो कथेतून निघून जातो. दासोपंत दत्तासाठी मातापुरास जातात. पाडेवाराच्या घरी कोणी जात नाही. चरित्रकाराला हे सुचले नाही, याबद्दल त्या काळाचा विचार करता त्यास दोष देता येणार नाही. ॲबटांकडून मात्र येथे एखाद्या टिपणीची अपेक्षा होती. विसाव्या शतकात बिदर परिसरात ज्या मेथॉडिस्ट मंडळ्या उभ्या राहिल्या त्या बहुतांशी गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतूनच. ते काम ॲबटांच्या मिशनचे नव्हे. परंतु अहमदनगर, सोलापूर भागात त्यांच्या मिशनचाही अनुभव तोच होता. देव ज्याचा वेष घेतो त्याला देवळात प्रवेश नाही, हे वैगुण्य एका मिशनऱ्याहून अधिक कोणाला दिसावे? त्यांनी ते बोलून दाखविले नाही. संतकवीवर टीका करावयाची नाही, त्याला स्वतःच बोलू द्यावयाचे, हे मालेचे धोरण होते. त्या धोरणाची ही किंमत होय. मला धोरण मान्य आहे, किंमत मान्य नाही.

दुसरी उणीव त्याहून मोठी आहे. ॲबटांनी दासोपंतांचे चरित्र भाषांतरले, दासोपंत नव्हे. ज्यांनी गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ रचला, ज्यांनी चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद कापडावर पंचीकरण लिहून ठेवले, त्या ग्रंथकाराचा परिचय या पुस्तकातून होत नाही; परिचय होतो तो एका चमत्कारातून सुटलेल्या मुलाचा. इंग्रजी वाचकाच्या मनात दासोपंत कायमचे सोळा वर्षांचे राहिले. अर्थात हा दोष परक्यावर ढकलून आपण मोकळे होऊ नये. आपल्या वर्गांतून तरी ‘गीतार्णव’ किती वाचला जातो? विद्यार्थ्यांना पासोडीची लांबी पाठ असते, तीवरील एक ओवी सांगता येत नाही.

नारायणपेठ, बिदर, गाणगापूर हा पट्टा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली बिदर व गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. गुलबर्ग्याचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले आहे. तेथे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) दत्तभक्तीलाच सकलमताचे रूप दिले तेही याच मातीत. अशा प्रदेशातील कथा एखाद्या परक्याला आपली वाटावी यात आश्चर्य ते काय! गुरुचरित्रातला बिदरचा राजा फोड घेऊन गाणगापुरास गेला, तेव्हा तेथे त्याला धर्म बदलावयास कोणी सांगितले नाही. तो ज्या धर्माचा होता त्याच धर्माचा राहून श्रीगुरूंचा झाला. ही तिसरी बिदरकथा ॲबटांच्या मालेत नाही. तीही त्यांच्या हातून भाषांतरित झाली असती, तर तिच्या प्रस्तावनेत त्यांनी काय लिहिले असते, हे वाचावयास मला फार आवडले असते.