‘स्थानिक’ आणि ‘अनुपलब्ध’ : मेट्रोच्या खरेदी-आदेशातील दोन शब्दांचे परीक्षण

कोणत्याही शास्त्रात नियमाचे खरे क्षेत्र त्याच्या अपवादांवरून ठरते. पाणिनीय परंपरेने उत्सर्ग आणि अपवाद यांचा जो सूक्ष्म विचार केला, त्याचे तात्पर्य असे की, अपवाद कोठे लागतो हे कळल्यावाचून सामान्य नियम कोठे लागतो हे कळत नाही. नागेशभट्टाच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात या विचाराची बारकाईने मांडणी झाली आहे; आणि त्या ग्रंथाचे संपादन व भाषांतर कीलहॉर्न यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करीत असतानाच केले, ही गोष्ट येथील अभ्यासकांस नवी नाही. वैयाकरण आपले अपवाद त्याच ग्रंथात देतो. म्हणून त्याचा नियम वाचकास पूर्णपणे वाचता येतो. प्रशासकीय नियमांस हीच कसोटी लावली, तर काय दिसते?

हा प्रश्न विचारण्यास एक संहिता हाताशी आहे. सरकारी खरेदीत भारतात तयार झालेल्या मालास अग्रक्रम द्यावा, असा आदेश केंद्र सरकारच्या औद्योगिक धोरण विभागाने १५ जून २०१७ रोजी काढला. २०१८, २०१९ व २०२० या वर्षांत, आणि पुढे २०२४ मध्येही, त्यात दुरुस्त्या झाल्या. मेट्रोचे डबे, सिग्नल यंत्रणा, विद्युत सामग्री यांची खरेदी करणाऱ्या सरकारी कंपन्या या आदेशाच्या कक्षेत येतात. लवळे गाव ज्या मुळशी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील माण येथून शिवाजीनगरपर्यंतची सुमारे २३ किलोमीटरची मेट्रो मार्गिका आखली गेली. तेव्हा या आदेशातील शब्दांचा अर्थ हा येथील वाचकास दूरचा विषय नव्हे. आर्थिक धोरण म्हणून या आदेशाची चर्चा पुष्कळ झाली आहे. भाषिक संहिता म्हणून त्याचे वाचन मात्र क्वचितच होते, आणि त्याचा खरा दोष त्या वाचनातच उघड होतो.

प्रथम ‘स्थानिक’ हा शब्द घेऊ. लवळ्याच्या ग्रामस्थाच्या तोंडी स्थानिक म्हणजे गावचा, फार तर तालुक्यातला. महाराष्ट्रातील नोकरभरतीच्या वादांत स्थानिक म्हणजे राज्याचा रहिवासी. प्रस्तुत आदेशात मात्र स्थानिक म्हणजे भारतीय. शब्दाचा विस्तार येथवर झाला, तरी त्यास हरकत नाही. पारिभाषिक शब्दाचा अर्थ परिभाषेने ठरतो. परंतु परिभाषा पाहिली, तर तीत स्थळाचा मागमूसही उरत नाही. वस्तूच्या एकूण किमतीतून देशांतर्गत अप्रत्यक्ष कर वगळावेत, त्यातून आयात भागांची किंमत सीमाशुल्कासह वजा करावी, आणि उरलेल्या रकमेचे एकूण किमतीशी जे शेकडा प्रमाण पडेल, तो ‘स्थानिक अंश’. २०२० च्या पाठाप्रमाणे हा अंश ५० टक्के वा अधिक असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गातील. २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर दुसऱ्या वर्गातील. त्याहून कमी असेल तर स्थानिक नव्हे. म्हणजे ‘स्थानिक’ हे विशेषण येथे स्थळवाचक राहिले नसून ती एक वजाबाकी झाली आहे. मूल्यवर्धन नेमके कोठे झाले हे पुरवठादाराने प्रमाणपत्रात लिहावयाचे असते, एवढ्याच ठिकाणी स्थळाची आठवण शिल्लक आहे.

या वजाबाकीचे परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतील. एखाद्या वस्तूची किंमत १०० रुपये व तीतील आयात भाग ४५ रुपयांचे, तर स्थानिक अंश ५५ टक्के. रुपयाचे मूल्य उतरून आयात भाग १५ टक्क्यांनी महागले आणि विक्रीची किंमत तीच राहिली, तर आयात ५१.७५ रुपये व स्थानिक अंश ४८.२५ टक्के. वस्तूतील एक खिळाही बदललेला नाही, तरी पुरवठादार पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात घसरला. उलटपक्षी विक्रेत्याने आपला नफा वाढवून किंमत ११० रुपये केली, तर तीच वस्तू ५९ टक्के ‘स्थानिक’ होते. मराठीत ‘बनावट’ हा शब्द घडण आणि खोटेपणा या दोन्ही अर्थांनी चालतो. ‘भारतीय बनावटीचा डबा’ असे वाचताना कोणता अर्थ घ्यावा, हा प्रश्न या परिभाषेमुळे केवळ विनोदाचा राहत नाही.

सरकारलाही ही अडचण जाणवली असावी. आयात केलेल्या मालाचे विक्रेते वाहतूक, विमा, उभारणी, प्रशिक्षण व विक्रीपश्चात सेवा यांचा खर्च ‘स्थानिक मूल्यवर्धन’ म्हणून दाखवू शकणार नाहीत, असा खुलासा ४ मार्च २०२१ रोजी करावा लागला. परिभाषा जेथे ढिली असते, तेथे खुलाशांची ठिगळे लावावी लागतात.

याच विषयात दुसरेही एक माप आहे. शंभरांहून अधिक मेट्रो डब्यांची निविदा असल्यास त्यांतील किमान ७५ टक्के डबे देशात तयार व्हावेत, अशी अट केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने घातली. येथे मोजणी रुपयांची नसून डब्यांची आहे. पहिली अट विचारते, ‘किती मूल्य येथले?’ दुसरी विचारते, ‘किती नग येथे बनले?’ दोन्हींस सामान्य बोलण्यात ‘देशी’ हा एकच शब्द वापरला जातो. वस्तुतः एक अट पाळूनही दुसरी मोडता येते.

महाराष्ट्रातील मेट्रोचे डबे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. नागपूर मेट्रोसाठी ६९ डब्यांचे कंत्राट २०१६ मध्ये, म्हणजे उपर्युक्त आदेशाच्या पूर्वी, चीनमधील डालियन येथील कारखान्यास गेले. पुण्याच्या रुळांवर पहिल्या चाचण्या ज्या गाड्यांनी झाल्या, त्या नागपूरहून आणलेल्या होत्या. पुढे पुणे मेट्रोच्या १०२ डब्यांचे कंत्राट २०१९ मध्ये टिटागढ फिरेमा या कंपनीस मिळाले. ही कंपनी इटलीतील. परंतु कोलकात्याच्या टिटागढ उद्योगसमूहाने ती २०१५ मध्ये विकत घेतली होती, आणि पुण्याच्या डब्यांची बांधणी बंगालमधील उत्तरपाडा येथे झाली. माण-शिवाजीनगर मार्गिकेसाठी तीन डब्यांच्या २२ गाड्यांचे काम अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीकडे, आणि कारखाना आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे. मालकी, कारखान्याची जागा आणि मूल्य ही तीन वेगळी मापे असून आदेशाने त्यांतील केवळ शेवटचे स्वीकारले आहे, हे या उदाहरणांवरून ध्यानात येईल.

आता सवलतीच्या कलमाकडे वळू. मराठी प्रशासनव्यवहारात यासाठी निदान चार शब्द रूढ आहेत. ‘माफी’ दिली की देणेच संपते. ‘सवलत’ दिली की देणे राहते, पण हलके होते. ‘सूट’ दिली की ती व्यक्ती वा वस्तू नियमाबाहेर पडते. ‘अट शिथिल केली’ म्हणजे नियम सर्वांसाठी कायम, पण त्याची गाठ या प्रसंगापुरती सैल. आदेशाच्या चौदाव्या परिच्छेदात यांतील तीन अर्थ एकत्र नांदतात : किमान स्थानिक अंश कमी करता येतो, अग्रक्रमाची २० टक्क्यांची मर्यादा कमी करता येते, आणि एखादी वस्तू वा पुरवठादार आदेशातून सर्वस्वी वगळता येतो. नियम सैल करणे आणि नियमाबाहेर काढणे या दोन भिन्न क्रिया एकाच लेखणीने, एकाच पद्धतीने करता याव्यात, हे संहितेचे वैगुण्य होय.

याहून महत्त्वाचा आहे तो दोन पाठांतील भेद. २०१७ च्या पाठात मंत्रालये, विभाग आणि सरकारी कंपन्यांची संचालक मंडळे यांना केवळ लेखी आदेशाने ही सूट देता येत होती. कारणांचा उल्लेख नव्हता. २०२० च्या पाठात विभागाच्या मंत्र्यांची मान्यता लागते आणि कारणे लेखी नोंदवावी लागतात. ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि ‘नोंदवणे’ म्हणजे ‘प्रसिद्ध करणे’ नव्हे. सुटीच्या आदेशाची प्रत स्थायी समितीकडे व संबंधित मंत्रालयाकडे जाते. ज्याच्या पोटावर तिचा परिणाम होतो, त्या उत्पादकाकडे ती पाठवण्याची तरतूद नाही. अर्थात् नियम सर्वांसमोर छापलेला आणि अपवाद कपाटात, अशी ही रचना आहे.

सूट मागणाराचे नेहमीचे कारण ‘हा भाग देशात उपलब्ध नाही’ हे असते. हे वाक्य दिसते साधे, पण ते अभावाचे विधान आहे, आणि अभाव कसा सिद्ध होतो याचा विचार भारतीय दर्शनांनी फार पूर्वी केला आहे. कुमारिलाच्या अनुयायांनी अनुपलब्धीस स्वतंत्र प्रमाण मानले. परंतु ती योग्य असली पाहिजे अशी अट घातली. म्हणजे वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. भर उजेडात मेजावर घडा दिसला नाही, तर घडा नाही असे म्हणता येते. अंधारात दिसला नाही, तर काहीच म्हणता येत नाही. खरेदी खात्याने ज्या उत्पादकांना विचारलेच नाही, त्यांच्याविषयीची त्याची अनुपलब्धी अंधारातली होय. पिरंगुट वा भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यात तो भाग घडू शकतो की नाही, हे त्या कारखानदाराला विचारल्यावाचून कळणार नाही. आणि सुटीची मागणी झाली हेच त्याला कळले नाही, तर ‘आम्ही हा भाग करून देतो’ असे तो सांगणार तरी कोणाला?

अमेरिकेतील व्यवस्था येथे तुलनेस घेता येईल. तेथे संघीय निधीतून घेतलेल्या बसगाड्या व रेल्वे डब्यांतील सुट्या भागांच्या एकूण किमतीपैकी ७० टक्क्यांहून अधिक भाग देशी असावे लागतात आणि अंतिम जुळणी तेथेच व्हावी लागते. लोकहित, अनुपलब्धता किंवा देशी माल घेतल्याने खर्च २५ टक्क्यांहून अधिक वाढणे, या कारणांनी सूट मिळते. पण ती देण्यापूर्वी कारणे सरकारी राजपत्रात छापून लोकांचे म्हणणे मागवावे लागते. तेथील धोरण योग्य की अयोग्य, हा निराळा प्रश्न. अपवाद नियमाइतकाच वाचनीय असावा, एवढेच येथे घेण्याजोगे आहे.

माणच्या मार्गिकेने आणखी एक प्रश्न उभा केला. ती सार्वजनिक-खासगी भागीदारीत टाटा व सीमेन्स यांच्या समूहाकडे सोपवली गेली. केंद्राचा निधी असलेल्या प्रकल्पात राज्ये व स्थानिक संस्था जी खरेदी करतील तिलाही आदेश लागू, असे नंतरचा पाठ म्हणतो. पण येथे गाड्या खरेदी करणारा कर्ता राज्यही नाही आणि स्थानिक संस्थाही नाही. तो खासगी सवलतधारक आहे. वाक्यातील कर्त्याची जागाच रिकामी राहिली, तर सूट मागण्याचीही गरज उरत नाही. अपवादाहूनही मोठी पळवाट ती हीच.

यावर आक्षेप घेतला जाईल की, प्रत्येक सूट जाहीर केली तर कामे रखडतील आणि प्रतिस्पर्धी विनाकारण अडथळे आणतील. आक्षेपात तथ्य आहे. शंभर-दीडशे डब्यांच्या मागणीवर विद्युत-परिवर्तकाचा नवा कारखाना उभा राहत नाही. सिग्नल यंत्रणेत प्रवाशांचा जीव गुंतलेला असतो, तेथे अनुभवहीन पुरवठादार चालत नाही. सूट आवश्यकच असते. परंतु ठरावीक मुदतीची जाहिरात ही काही मोठी दिरंगाई नव्हे. आणि ज्या सुटीचे कारण पंधरा दिवसांच्या उजेडात टिकत नाही, ते कारणच नव्हते असे म्हणावे लागेल. शिवाय जाहीर झालेल्या सुटींची यादी ही देशात काय बनत नाही याचीच यादी होय. पुढील कारखाना कशाचा काढावा, हे उद्योजकाला तिच्याइतके स्पष्टपणे दुसरे काहीही सांगणार नाही.

सारांश, या आदेशास तीन दुरुस्त्या हव्यात : मूल्याबरोबर घडणीच्या जागेलाही परिभाषेत स्थान, शिथिलता व सूट यांसाठी भिन्न पद्धती, आणि सुटीच्या कारणांची पूर्वप्रसिद्धी. पहिल्या दोहोंवर मतभेद होऊ शकतील. तिसरीवाचून मात्र आदेश अर्धाच छापलेला राहतो, आणि अर्धे व्याकरण हाती असलेल्या विद्यार्थ्यास भाषा जितकी येईल, तितकाच हा नियम नागरिकास कळेल.