‘ब्रह्मचारी’: हसू नेमकं कशाचं?

मित्रहो, आता १९३८च्या ‘ब्रह्मचारी’कडे येऊ. लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. आज हा चित्रपट आठवतो तो मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखापुरता. त्याच्यावर हा अन्याय आहे, असं माझं म्हणणं.

कथा बघा. औदुंबर, म्हणजे स्वतः विनायक, एक व्याख्यान ऐकतो आणि ब्रह्मचर्याचं व्रत घेतो. नट्यांची चित्रं फेकून देतो. काल तो त्या चित्रांच्या ताब्यात होता, आज वक्त्याच्या. यात त्याचा स्वतःचा विचार कुठे आहे? संयमाला आपली आपण शोधलेली कारणं लागतात. उसन्या कारणांवर फक्त भीती पोसते. म्हणून किशोरी समोर आली की व्रत डळमळतं. अत्र्यांचा टोला बसतो तो या उसनेपणाला.

उणीव एकच, पण मोठी. किशोरीला हाच माणूस का हवा, हे चित्रपट धड विचारत नाही. तिला धीटपणा दिला, मन दिलं नाही. ते दिलं असतं, तर तो प्रहसनाच्या पुढे गेला असता.

तरी जरूर बघा. आणि हो, मीही व्याख्यानच देतोय. तेव्हा माझं म्हणणंसुद्धा तपासून घ्या.