पाकिटातला चित्रपट

दिवाळी जवळ आली की गावोगावच्या वाचनालयांत एक योजना सुरू होते. ठरावीक वर्गणी भरावी, एक अंक घरी न्यावा, वाचून परत करावा आणि मग दुसरा न्यावा. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपली घरे या फराळाला सरावली आहेत. हाच हिशेब चित्रपटाला लावून अमेरिकेत एका कंपनीने पंचवीस वर्षे धंदा केला, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. 'नेटफ्लिक्स' हे नाव आज पोरासोरांच्याही तोंडी आहे. पण ही कंपनी चालायला शिकली ती टपालखात्याचे बोट धरून!

तिचा आरंभ १९९८ सालचा. व्हिडिओ कॅसेट टपालाने पाठवायची तर ती जाड आणि जड. नवी निघालेली डीव्हीडीची तबकडी मात्र साध्या पाकिटात मावणारी. १९९९ पासून महिन्याची वर्गणी सुरू झाली. हव्या त्या चित्रपटांची यादी कंपनीकडे द्यायची. लाल पाकिटातून तबकडी घरी येई. पाहून झाली की परतीचा टपालखर्च आधीच भरलेल्या पाकिटात घालून ती पेटीत टाकायची, की यादीतली पुढची निघे. उशिराचा दंड नाही. मात्र जुनी परत केल्यावाचून नवी नाही. २९ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची पाकिटे रवाना झाली. तोवर पाचशे कोटींहून अधिक तबकड्यांनी असा प्रवास केला होता.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीच्या घरी ही वर्गणी काही वर्षे होती. तिचे म्हणणे असे, की पाकीट टेबलावर दिसत राही आणि न पाहता परत पाठवायची लाज वाटे. म्हणून कंटाळवाणा म्हणून ठेवून दिलेला चित्रपटही शेवटपर्यंत पाहिला जाई आणि पुष्कळदा आवडे. मला या बोलण्यात समीक्षेचे एक तत्त्व दिसते. रसिकता नुसत्या निवडीने वाढत नाही. निवडलेल्याशी थोडा काळ बांधून घ्यावे लागते.

दुसरा गुण भांडाराचा. अमेरिकेच्या कायद्याने विकत घेतलेली तबकडी भाड्याने देण्यास निर्मात्याची परवानगी लागत नाही. त्यामुळे कंपनीला हरतऱ्हेचे, जुनेपाने चित्रपट कपाटात ठेवता आले. इंटरनेटवरून दाखवायचे म्हणजे प्रत्येक चित्रपटाचा करार आला, आणि कराराची मुदत संपली की चित्रपट गेला. कपाट आणि शोकेस यांत जो फरक, तोच हा.

मे महिन्याच्या सुट्टीत मीही घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या अशा एका कंपनीची महिन्याची वर्गणी भरून पाहिली. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. चित्र स्वच्छ, आवाज स्पष्ट. बोट लावण्याचा अवकाश की चित्रपट सुरू. पण महिनाभरात आम्ही सतरा चित्रपट सुरू केले आणि चार पुरे केले. पहिल्या दहा मिनिटांत मन रमले नाही की पुढच्याकडे धाव! मराठीचा कप्पा उघडला तर बहुतेक गेल्या काही वर्षांतला माल. १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' तिथे नव्हता. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला जब्बार पटेलांचा 'सामना'ही नव्हता. आठवीच्या मुलांना यांतले काही दाखवावे, या माझ्या बेताला तिथेच खीळ बसली.

टपालाच्या योजनेला दोष नव्हते असे नाही. आपल्याकडे बंगळूर, मुंबई अशा शहरांत तसल्या कंपन्या निघाल्या आणि मिटल्याही. परभणीच्या वाट्याला त्यांतले काही आले नाही. शिवाय पाकीट येते ते एका घरापुरते. जत्रेतल्या टूरिंग टॉकीजच्या तंबूत किंवा गणपतीत भाड्याच्या व्हिसीआरसमोर सारी आळी रात्र जागवी, तेव्हा शेजाऱ्याच्या हसण्याने आपल्याला विनोद कळे. ती संगत पाकिटात मावत नाही.

या दोहोंचा मेळ आपल्याच देशात पडला होता, याचा मात्र विसर पडू नये. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सोळा मिलिमीटरच्या प्रती गावोगावच्या फिल्म सोसायट्यांना पाठवीत असे. कर्नाटकातल्या हेग्गोडूसारख्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांनी शेतकऱ्यांना जगातले थोर चित्रपट दाखवले, ते याच वाटेने. चित्रपट बाहेरून आला, पण पाहिला गावाने मिळून. आणि पाहून झाल्यावर त्यावर बोलणेही झाले.

म्हणून माझा अभिप्राय स्पष्ट आहे. सोय वाढली, याचा आनंदच आहे. परंतु सोय म्हणजे संस्कृती नव्हे. दिवाळी अंकांची योजना चालवणाऱ्या आपल्या वाचनालयांनी रीतसर परवानगी घेऊन महिन्यातून एक मराठी चित्रपट सर्वांना दाखवावा आणि मग तासभर त्यावर बोलावे. त्याची वर्गणी भरणाऱ्यांत माझे नाव पहिले धरावे.