बंदुकीची बखर

लिलावगृहांच्या सूचिपत्रांस वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, याविषयीं वाचकांत मतभेद होईल. आमच्या मतें म्हणावें. आणि एकदां वाङ्मय म्हटलें म्हणजे तें टीकेच्या कसोटीस उतरलें पाहिजे. जुन्या बंदुका व पिस्तुलें यांचीं जीं सूचिपत्रें यूरोप-अमेरिकेंत निघतात, तीं वाचतांना आम्हांस एकसारखी आपल्या बखरींची आठवण होते. तोच वीररस, तीच आत्मविश्वासाची भाषा, आणि पुराव्याच्या जागीं पुष्कळदां तेंच मौन. फरक एवढाच कीं, बखर वाचून कोणाचा खिसा रिकामा होत नाहीं.

जुन्या हत्याराला दोन किंमती असतात. एक वस्तूची व दुसरी कथेची. वस्तूची किंमत दुर्मिळता, कारागिरी व मूळ स्थिति यांवरून ठरते. कथेची किंमत मात्र केवळ कागदांवर उभी असते. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याच्या पहिल्या खंडांत बखरींची जी चिकित्सा केली, तिचें सार हेंच कीं, मागाहून आठवणीनें लिहिलेल्या हकीकतीपेक्षां समकालीन कागद श्रेष्ठ. तीच कसोटी येथें लावावी.

पॅट गॅरेटच्या पिस्तुलाचें उदाहरण घेऊं. न्यू मेक्सिको प्रांतांतील फोर्ट समनर येथें १४ जुलै १८८१ च्या रात्रीं या शेरिफानें बिली द किड या पुंडास ज्या कोल्ट पिस्तुलानें ठार केलें, तें ऑगस्ट २०२१ मध्यें लॉस एंजेलिस येथें बोनहॅम्सच्या लिलावांत ६० लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. अंदाज २० ते ३० लाखांचा होता. त्याच नमुन्याचें, पण इतिहास नसलेलें पिस्तूल याच्या अत्यल्प अंशांत मिळतें. म्हणजे हा सारा फरक कथेचा. परंतु ही कथा उभी आहे कशावर? हें पिस्तूल एल पासो येथील टॉम पॉवर्स नांवाच्या गुत्तेवाल्याकडे होतें. गॅरेट १९०८ सालीं मारला गेला. पुढें पॉवर्सही वारल्यावर गॅरेटच्या विधवेनें तें परत मिळविण्यासाठीं दावा लाविला आणि न्यायालयानें तें तिला देवविलें. दोन विरुद्ध पक्ष न्यायासनासमोर एखाद्या वस्तूवरून भांडतात, तेव्हां ती कोणती व कोणाची, हें पुढील लिलावाच्या लोभाशीं संबंध नसलेल्या कागदांत नमूद होतें. असें साधन अस्सल पत्राच्या तोलाचें होय.

तथापि प्रत्येक कागद बोलतो तेवढेंच ऐकावें. कोल्ट कंपनी आपल्या जुन्या वह्या पाहून दाखला देते. त्यावरून अमुक क्रमांकाचें पिस्तूल कोणत्या तारखेस, कोणाकडे रवाना झालें हें कळतें. तें पुढें कोणाच्या कमरेस लागलें, हें त्या दाखल्यास ठाऊक नसतें. टिपूच्या बंदुकांचीही गोष्ट अशीच. वाघाच्या पट्ट्यांची नक्षी, नळीवरील ‘हैदर’ ही मुद्रा, मौलूदी सनाचा आंकडा, या खुणा खऱ्या ठरल्या तर बंदूक टिपूच्या कारखान्यांतील आहे असें म्हणतां येईल. ती खुद्द टिपूनें हातीं धरिली, असें म्हणण्यास निराळा पुरावा हवा.

या सूचिपत्रांच्या शैलीचा मोठा दोष म्हणजे त्यांचीं क्रियापदें. ‘असें मानिलें जातें’, ‘घराण्यांत अशी परंपरा आहे’, ‘संबंध असावा’! कोणीच कशाची हमी घेत नाहीं, आणि तरी वाचणाराच्या मनावर ठसा मात्र निश्चितीचा उमटतो. नातेवाइकांचें प्रतिज्ञापत्रही जपूनच घ्यावें. जेसी जेम्सच्या आईनें मुलाच्या मृत्यूनंतर येणाऱ्याजाणाऱ्यांस त्याचीं म्हणून अनेक जुनीं पिस्तुलें विकलीं, अशी आख्यायिका संग्राहकांत प्रसिद्ध आहे. विकणाराची साक्ष कितपत धरावी, हें तीवरून उमजावें. मागील गिऱ्हाइकानें मोठी रक्कम मोजली हाही पुरावा नव्हे. तें केवळ त्याच्या श्रद्धेचें माप होय.

खरेदी करणारानें प्रथम कथा बाजूस ठेवून हत्यार पाहावें. निरनिराळ्या भागांवरील क्रमांक जुळतात काय? कोरलेल्या नांवाच्या कडा भोंवतालच्या झिजेपेक्षां ताज्या आहेत काय? घासून नवा मुलामा चढविला आहे काय? असें चकचकीत केलेलें हत्यार म्हणजे नव्या शाईनें गिरविलेलें जुनें पत्र. शोभा वाढते, पण साक्ष नाहींशी होते. मग वस्तूची जी किंमत ठरेल तेवढीच द्यावी. कथेबद्दल अधिक मागितल्यास समकालीन कागद मागावा, आणि त्यांत त्याच हत्याराची ओळख पटेल असा क्रमांक वा वर्णन आहे कीं नाहीं, हें पाहावें.

प्रामाणिक नोंदीचा नमुना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. तेथील वाघनखें २०२४ सालीं साताऱ्यास प्रदर्शनार्थ आलीं. तीं शिवाजीमहाराजांचीं असून ग्रँट डफ यास साताऱ्यास असतांना मिळालीं, असा लेख त्यांच्या पेटीवर आहे. परंतु महाराजांनीं वापरलेलीं तींच हीं, हें पडताळतां आलेलें नाहीं, असें संग्रहालय स्वतःच सांगतें. त्यावरून आपल्याकडे वाद झाला. आम्हांस मात्र त्या कबुलींत अनादर दिसत नाहीं. खोटी कथा विकणारा एका धनिकास फसवितो, एवढ्यावर भागत नाहीं. त्याचें सूचिपत्र पुढील अभ्यासकाच्या हातीं साधन म्हणून पडतें, आणि खऱ्या माणसाची हकीकत खोट्याखालीं बुजून जाते. धनिकाचें नुकसान भरून निघेल. इतिहासाचें निघणें कठीण.